'मोस्टली' येणार म्हणजे नक्की कधी येणार?

पत्र: मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, मशीनिंगच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा. हल्ली जर्मनीच्या ग्राहकाला रोज मेल लिहावे लागतात. मागे एकदा 'मोस्टली द मटेरियल विल रीच ऑन ट्यूसडे' असं लिहिलं, तर उलट मेल आला, 'अँड द रेस्ट?' आमचे साहेब म्हणतात, 'शुअरली' लिहू नका, उद्धट वाटतं. मैत्रीण म्हणते 'मे बी' तोडून लिही, मोबाइल ते जोडून दाखवतो. 'प्रॉबेब्ली' वाक्यात कुठे घालायचं, 'वोन्ट'च्या आधी की नंतर? आणि तपासणीच्या अहवालात खात्री नसेल तेव्हा काय लिहायचं? चूक आमची निघाली तर लिहिलेलं अंगावर येतं, आणि फार सांभाळून लिहिलं तर ग्राहक म्हणतो, तुम्हाला काहीच माहीत नाही.

उत्तर: तुमच्या ग्राहकानं खोडी काढलेली नाही. 'मोस्टली द मटेरियल विल रीच ऑन ट्यूसडे' वाचून त्याला एवढंच कळलं, की बराचसा माल मंगळवारी येणार आणि थोडा मागे राहणार. मग उरलेल्याचं काय, हे तो विचारणारच. तुम्हाला म्हणायचं होतं, 'माल बहुतेक मंगळवारी पोहोचेल.' गफलत झाली ती 'बहुतेक'पाशी. 'बहुतेक पेट्या आल्या' म्हणताना हा शब्द संख्येबद्दल बोलतो आणि 'पेट्या बहुतेक येतील' म्हणताना खात्रीबद्दल. इंग्रजीनं ही दोन कामं दोन वेगळ्या शब्दांकडे दिली आहेत. संख्या, प्रमाण आणि नेहमीची सवय यांसाठी 'मोस्ट' आणि 'मोस्टली', खात्रीसाठी 'प्रॉबेब्ली'. 'द कास्टिंग्ज आर मोस्टली फ्रॉम कोल्हापूर' म्हणजे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बहुतांशी कोल्हापूरची आहेत, थोडी दुसरीकडची. 'द कास्टिंग्ज आर प्रॉबेब्ली फ्रॉम कोल्हापूर' म्हणजे ती कोल्हापूरची असावीत, पण लिहिणाऱ्यानं खातरजमा केलेली नाही. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत आणि दोन्हींचा अर्थ निराळा आहे.

आपल्याकडच्या कचेऱ्यांत 'मोस्टली आय विल कम' सर्रास चालतं, कारण ऐकणाराही मनात 'बहुतेक'च ऐकत असतो. श्टुटगार्टला बसलेल्या माणसाकडे ही सोय नाही. तुमच्या पाठवलेल्या मेलांमध्ये 'मोस्टली' शोधा आणि दर ठिकाणी त्याऐवजी 'बहुतांशी' घालून वाक्य वाचा. अर्थ जमला तर राहू द्या. जमला नाही तर 'प्रॉबेब्ली' करा आणि शब्दाची जागाही बदला: 'द मटेरियल विल प्रॉबेब्ली रीच यू ऑन ट्यूसडे.' यात 'यू' मुद्दाम घातला आहे. 'रीच'ला कर्म लागतं. ते द्यायचं नसेल तर 'अराइव्ह' वापरा.

असाच घोळ 'असेल'मुळे होतो. तुम्ही तो विचारलेला नाही, पण 'मोस्टली' लिहिणाऱ्यांच्या मेलांत तो हमखास सापडतो. 'ट्रक एव्हाना पोहोचला असेल' याचं इंग्रजी आपण करतो 'द ट्रक वुड हॅव रीच्ड'. इंग्रजी वाचणारा यातून समजतो, 'ट्रक पोहोचला असता', म्हणजे पोहोचलेला नाही, आणि पुढे 'पण'ची वाट बघत राहतो. इथे लिहायला तीन पर्याय आहेत आणि तिघांचं वजन वेगळं आहे. वेळापत्रकाप्रमाणे पोहोचायलाच हवा, अशी स्थिती असेल तर 'द ट्रक विल हॅव अराइव्ह्ड बाय नाऊ'. नुसता अंदाज असेल तर 'द ट्रक हॅज प्रॉबेब्ली अराइव्ह्ड'. हाती काही खूण असेल, समजा जीपीएसवर गाडी त्यांच्याच फाटकाशी थांबलेली दिसते आहे, तर 'द ट्रक मस्ट हॅव अराइव्ह्ड'. 'मस्ट हॅव'मागे नेहमी असा पुरावा हवा. तो नसताना नुसत्या अंदाजासाठी 'मस्ट' वापरलं, तर वाचणारा तुम्हाला विचारेल, कशावरून?

'शुअरली'बद्दल साहेबांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त कारण समजून घ्या. 'शुअर' म्हणजे खात्रीचा, म्हणून 'शुअरली' म्हणजे खात्रीनं, असा आपला सरळ हिशेब असतो. पण आजच्या लिखित इंग्रजीत, विशेषतः ब्रिटिश वळणाच्या, 'शुअरली' म्हणजे 'मला तरी असं वाटतं, आणि तुम्हीही ते मान्य करालच ना?' त्यात थोडं आश्चर्य असतं, थोडी शंका असते, आणि पुष्कळदा टोमणाही असतो. 'शुअरली यू हॅव रिसीव्ह्ड अवर इनव्हॉइस' याचा सूर मराठीत असा लागतो: 'इनव्हॉइस मिळालं असेलच की तुम्हाला!' पैसे थकवणाऱ्याला मुद्दाम लिहायचं असेल तर गोष्ट वेगळी. साधी चौकशी करायची असेल तर 'कुड यू प्लीज कन्फर्म दॅट यू हॅव रिसीव्ह्ड अवर इनव्हॉइस?' एवढं पुरे.

आश्वासन देताना 'शुअरली'च्या जागी 'सर्टनली' किंवा 'डेफिनिटली' चालतं. औपचारिक मेलमध्ये 'सर्टनली' बरं दिसतं. 'डेफिनिटली' थोडं बोलण्यातलं आहे, पण चुकीचं नाही. खरं तर आश्वासनाला क्रियाविशेषणापेक्षा वेळ घातलेली अधिक शोभते. 'आय विल सर्टनली सेंड द रिपोर्ट'पेक्षा 'आय विल सेंड द रिपोर्ट बाय ५ पीएम युअर टाइम टुडे' यावर ग्राहक जास्त विश्वास ठेवतो. आणि 'वी विल डेफिनिटली ट्राय' तर लिहूच नका. यातलं 'डेफिनिटली' 'ट्राय'ला चिकटतं, म्हणजे तुम्ही प्रयत्नाची हमी देता, मालाची नाही. आपल्या 'नक्की बघतो'चा अर्थ आपल्याला जसा कळतो, तसा याचा त्यांनाही कळतो.

ग्राहकानं काही मागितलं तर उत्तरात 'सर्टनली' लिहिलेलं सभ्य वाटतं: 'सर्टनली. द सर्टिफिकेट इज अटॅच्ड.' पण त्यानं माहिती विचारली असेल तर 'ऑफ कोर्स'पासून सांभाळा. 'इज द गेज कॅलिब्रेटेड?' (मापाचं उपकरण प्रमाणित केलेलं आहे का?) या प्रश्नाला 'ऑफ कोर्स इट इज' असं उत्तर दिलंत, तर त्यात 'हे काय विचारणं झालं?' असा सूर उमटतो. 'येस, इट इज. द सर्टिफिकेट इज व्हॅलिड अनटिल मार्च' असं लिहा. 'नो डाउट'ही असाच फसवा आहे. त्याचा अर्थ 'निःसंशय' असेल असं वाटतं, पण 'यू हॅव नो डाउट चेक्ड द ड्रॉइंग' म्हणजे 'तुम्ही ड्रॉइंग तपासलं असेलच, असं मी धरून चालतो.' खरोखर निःसंशय म्हणायचं असेल तर 'विदाउट डाउट' किंवा 'अनडाउटेडली' आहे, आणि कारखान्याच्या मेलमध्ये त्या दोघांची गरज वर्षातून एखाद्या वेळी पडते.

मराठीतला 'नक्की' प्रश्नातही येतो आणि तिथे त्याचा खात्रीशी संबंध नसतो. 'नक्की काय झालं?' म्हणजे 'व्हॉट एक्झॅक्टली हॅपन्ड?' 'नक्की कोणत्या पेटीत?' म्हणजे 'इन व्हिच बॉक्स एक्झॅक्टली?' इथे 'डेफिनिटली' घातलं तर वाक्य मोडतं. 'प्रॉबेब्ली'चंही प्रश्नाशी फारसं जमत नाही. 'विल इट प्रॉबेब्ली अराइव्ह ऑन फ्रायडे?' असं कोणी लिहीत नाही. 'इज इट लाइकली टू अराइव्ह ऑन फ्रायडे?' असं लिहितात.

आता 'मेबी'. मोबाइलही बरोबर आणि मैत्रीणही बरोबर, कारण हे दोन वेगळे प्रकार आहेत. जोडून लिहिलेलं 'मेबी' हे 'कदाचित' अर्थाचं क्रियाविशेषण आहे, तर तोडून लिहिलेलं 'मे बी' हे वाक्याचं क्रियापद. ओळखायची रीत अशी: त्या जागी 'परहॅप्स' घालून बघा. 'मेबी द ड्रॉइंग इज ओल्ड' यात 'परहॅप्स द ड्रॉइंग इज ओल्ड' ठीक बसतं, म्हणून जोडून. 'द ड्रॉइंग मे बी ओल्ड' यात 'परहॅप्स' घातलं तर 'द ड्रॉइंग परहॅप्स ओल्ड' असं क्रियापद नसलेलं वाक्य उरतं, म्हणून तोडून. वाक्याच्या सुरुवातीला 'मे बी' तोडून लिहिलंत आणि पुढे 'इज'ही आला, तर एका वाक्यात दोन क्रियापदं झाली. ही चूक फार दिसते. ग्राहकाच्या मेलमध्ये जोडून लिहिलेलं 'मेबी' थोडं घरगुती वाटतं. तिथे 'परहॅप्स' लिहा किंवा 'द ड्रॉइंग मे बी ओल्ड' अशी रचना करा.

जागेचा प्रश्न तुम्ही एका शब्दापुरता विचारलात, पण उत्तर 'प्रॉबेब्ली', 'सर्टनली', 'डेफिनिटली', 'पॉसिबली', 'क्लिअरली' या सगळ्यांना लागू आहे. वाक्यात आधी सहायक क्रियापद शोधा: 'विल', 'हॅव', 'कॅन', 'इज' यांपैकी. ते असेल तर शब्द त्याच्या लगेच मागून येतो. सहायक क्रियापदं एकाहून अधिक असली तरी पहिल्याच्याच मागून: 'द पार्ट्स हॅव प्रॉबेब्ली बीन मिक्स्ड', 'द बॅच विल प्रॉबेब्ली हॅव बीन शिप्ड बाय देन'. सहायक नसेल, नुसतं मुख्य क्रियापद असेल, तर शब्द त्याच्या आधी येतो: 'वी प्रॉबेब्ली नीड टू मोअर डेज', 'वी डेफिनिटली हॅव द स्टॉक'. मुख्य क्रियापदच 'इज' किंवा 'आर' असेल, तर शब्द त्याच्या मागून: 'द टूल इज प्रॉबेब्ली वॉर्न'. क्रियापद आणि कर्म यांच्या मधे मात्र तो कधी शिरत नाही. 'वी चेक्ड डेफिनिटली द बोअर' हे चूक, 'वी डेफिनिटली चेक्ड द बोअर' हे बरोबर (बोअर म्हणजे भागातलं भोक). मराठीत 'आम्ही बोअर नक्की तपासला', 'आम्ही नक्की बोअर तपासला' असं हवं तसं फिरवता येतं, म्हणून इंग्रजी लिहितानाही हात सैल सुटतो.

नकार आला की 'वोन्ट', 'हॅजन्ट', 'कान्ट' अशा जोडरूपांत शब्द आधी जातो: 'इट प्रॉबेब्ली वोन्ट अराइव्ह टुडे'. 'इट वोन्ट प्रॉबेब्ली अराइव्ह' हे चूक. 'नॉट' सुटं लिहिलंत तर शब्द दोघांच्या मधे बसतो: 'इट विल प्रॉबेब्ली नॉट अराइव्ह टुडे'. औपचारिक पत्रात हे दुसरं रूप बरं.

तुमच्या विभागात मात्र 'नॉट'च्या आधी की मागून, याला शुद्धलेखनापेक्षा जास्त किंमत आहे. 'द पार्ट इज डेफिनिटली नॉट क्रॅक्ड' म्हणजे भागाला तडा नाही, ही खात्री. 'द पार्ट इज नॉट डेफिनिटली क्रॅक्ड' म्हणजे तडा आहे असं खात्रीनं म्हणता येत नाही, कदाचित असेलही. पहिल्या वाक्यावर माल पुढे जातो, दुसऱ्यावर तो अडकून राहतो. 'पॉसिबली'चंही तसंच आहे. 'वी कान्ट पॉसिबली डिलिव्हर बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार कोणत्याही परिस्थितीत शक्य नाही. नुसती शंका असेल तर हे लिहू नका. 'वी मे नॉट बी एबल टू डिलिव्हर बाय फ्रायडे' म्हणा. 'नॉट'च्या मागून लिहिण्यासाठी एक फार उपयोगी शब्द आहे, तो म्हणजे 'नेसेसरिली': 'अ रफ फिनिश डज नॉट नेसेसरिली मीन अ वॉर्न टूल'. फिनिश खडबडीत आली म्हणून टूल झिजलंच असेल असं नाही. आपल्याकडे यासाठी 'ऑल्वेज' वापरतात, त्यानं काम निभतं पण धार जाते.

'परहॅप्स' आणि 'मेबी' हे दोघे जागेच्या बाबतीत वेगळे वागतात. ते बहुधा वाक्याच्या तोंडाशी येतात, आणि तिथे आले तरी पुढचा क्रम उलटत नाही. 'नेव्हर' किंवा 'रेअरली' पुढे आलं की 'नेव्हर हॅव वी सीन' असा क्रम उलटतो. तो धडा घोकलेली माणसं 'परहॅप्स इज द ड्रॉइंग ओल्ड' असंही लिहून बसतात. ते चूक. छोट्या उत्तरात मात्र सगळ्यांचीच जागा बदलते: 'इज द गेज कॅलिब्रेटेड?' याला 'इट प्रॉबेब्ली इज'. 'इट इज प्रॉबेब्ली' असं अर्धवट सोडायचं नाही.

स्वल्पविराम फार लावू नका. मधे आलेल्या शब्दाला तो लागत नाही, 'परहॅप्स'नंतरही लागत नाही. 'क्लिअरली', 'प्रिझ्युमेब्ली', 'अपॅरन्टली' वाक्याच्या सुरुवातीला आले तर लावा. 'क्लिअरली'च्या बाबतीत जागेनं अर्थच पालटतो. 'द सप्लायर हॅज नॉट मार्क्ड द बॅच नंबर क्लिअरली' म्हणजे नंबर टाकला आहे पण नीट वाचता येत नाही. 'क्लिअरली, द सप्लायर हॅज नॉट मार्क्ड द बॅच नंबर' म्हणजे नंबर टाकलेलाच नाही, हे उघड आहे. पहिल्या वाक्यावर सप्लायरला समज मिळेल, दुसऱ्यावर कदाचित मालच परत जाईल.

आता तुमचा शेवटचा आणि सगळ्यांत अवघड प्रश्न: खात्री नसेल तेव्हा किती म्हणायचं?

या शब्दांमागे प्रत्येक जण मनात वेगळा आकडा धरतो. १९५१ साली अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेच्या एका अहवालात लिहिलं होतं, की युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाकडून हल्ला होण्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे. ते काम पाहणारे शर्मन केंट हे पूर्वी येल विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांच्या मनात ही शक्यता ६५ टक्क्यांच्या आसपास होती. मग त्यांनी अहवालाला संमती दिलेल्या सहकाऱ्यांना एकेक करून विचारलं. कोणाच्या मनात २० टक्के होते, तर कोणाच्या ८०. १९६४ साली केंट यांनी शब्दांना आकडे जोडून एक कोष्टकच मांडलं: 'ऑलमोस्ट सर्टन' म्हणजे ९३ टक्के, ६ कमी किंवा जास्त, 'प्रॉबेबल' म्हणजे ७५, १२ कमी किंवा जास्त, 'प्रॉबेब्ली नॉट' म्हणजे ३०, १० कमी किंवा जास्त, 'ऑलमोस्ट सर्टनली नॉट' म्हणजे ७, ५ कमी किंवा जास्त.

हवामानबदलावर काम करणारी संयुक्त राष्ट्रांची आयपीसीसी आपल्या अहवालांत असंच कोष्टक पाळते. तिथे 'लाइकली' म्हणजे ६६ टक्के किंवा जास्त, 'व्हेरी लाइकली' ९० किंवा जास्त, 'एक्स्ट्रीमली लाइकली' ९५ किंवा जास्त, 'व्हर्च्युअली सर्टन' ९९ किंवा जास्त. तापमानवाढीला माणूस जबाबदार आहे का, याबद्दल २००७च्या अहवालात 'व्हेरी लाइकली' होतं, २०१३मध्ये 'एक्स्ट्रीमली लाइकली' झालं आणि २०२१मध्ये 'अनइक्विव्होकल' हा शब्द आला. पुरावा वाढत गेला तसा शब्द चढवला.

तुमच्या मेलला कोष्टक जोडण्याची गरज नाही, पण मनात एक ठरवून ठेवा. दहांतून सात-आठ वेळा तसंच घडेल असं वाटतं तेव्हाच 'प्रॉबेब्ली'. निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी वाटत असेल तर 'पॉसिबली', 'परहॅप्स', 'मे'. यांनी शक्यता आहे एवढंच कळतं, किती आहे हे कळत नाही. 'मे'ला थोडं वजन द्यायचं असेल तर 'मे वेल': 'द टूल मे वेल हॅव वॉर्न आउट'. आणि 'सर्टनली', 'डेफिनिटली' फक्त तिथे, जिथे उलटं घडलं तर माफीचा मेल लिहावा लागेल. 'लाइकली' हे नाम-सर्वनामाबद्दल बोलणारं विशेषण म्हणून वापरणं सर्वांत बिनधोक: 'द डिले इज लाइकली टू कंटिन्यू'. 'इट विल लाइकली कंटिन्यू' हे अमेरिकेत रुळलेलं आहे, ब्रिटिश कानाला अजून खटकतं. 'प्रॉबेबल'ला मात्र पुढे 'टू' लागत नाही. 'द डिले इज प्रॉबेबल टू कंटिन्यू' हे दोन्हीकडे चूक.

खात्री कोणाची, हेही बघा. 'द सप्लायर इज शुअर दॅट ही विल डिलिव्हर' यात खात्री सप्लायरला आहे. 'द सप्लायर इज शुअर टू डिले' यात ती लिहिणाऱ्याला आहे. सप्लायर बिचारा वेळेवर येण्याच्या बेतात असेल. 'दॅट' आणि 'टू' यांची अदलाबदल झाली की दुसऱ्याच्या तोंडी तुमचं मत जातं.

अहवालात तर हे फार जपावं लागतं. माहिती कुठून आली त्याप्रमाणे शब्द निवडा. स्वतःच्या डोळ्यांनी खुणा दिसल्या तर 'एव्हिडन्टली'. कोणाकडून कळलं किंवा वरवर तसं दिसतंय, तर 'अपॅरन्टली'. हा शब्द आपल्या 'म्हणे'च्या फार जवळ जातो. विचारलं नाही, पण तसं धरायला सबळ कारण आहे, तर 'प्रिझ्युमेब्ली'. 'सपोझेडली' मात्र टाळा, कारण त्यात 'असं सांगतात, पण माझा विश्वास नाही' हा खवचटपणा असतो. 'द ऑपरेटर सपोझेडली चेक्ड द बोअर' लिहिलंत तर तुम्ही ऑपरेटरवर खोटेपणाचा आळ घेतलात.

'ऑब्व्हियसली'ही अहवालातून काढून टाका. गोष्ट खरंच उघड असेल तर तो शब्द फुकट जातो. नसेल तर वाचणारा चिडतो, आणि पुष्कळदा लिहिणाऱ्यानं पुरावा न देताच पुढे उडी मारलेली असते. समजा तुम्ही लिहिलंत, 'ऑब्व्हियसली द क्रॅक इज डेफिनिटली ड्यू टू हीट ट्रीटमेंट', म्हणजे तडा धातू तापवून-थंड करण्याच्या प्रक्रियेमुळेच गेला. दोन जोरदार शब्द आणि पुरावा शून्य. याच्या उलट भीतीपोटी लिहितात ते: 'इट मे पॉसिबली बी परहॅप्स ड्यू टू हीट ट्रीटमेंट'. तीन शंका एकावर एक चढवल्यानं सुरक्षितता वाढत नाही, फक्त ग्राहकाला वाटतं की यांना काहीच माहीत नाही. तुमच्या तक्रारीचा दुसरा भाग इथूनच येतो. एका विधानाला एकच शंका पुरे, आणि ती नेमकी जिथे आहे तिथेच.

त्याऐवजी क्रम असा धरा: आधी मोजलेलं, मग त्यावरून काढलेलं, मग पुढची तपासणी. मोजलेल्या वाक्यांना कोणतंही क्रियाविशेषण लावू नका, ती उघडीच जोरदार असतात. 'वी चेक्ड ४० पार्ट्स. सिक्स शोड क्रॅक्स. ऑल सिक्स केम फ्रॉम वन हीट ट्रीटमेंट बॅच.' मग एकच अनुमान, एकाच शब्दासह: 'द क्रॅक्स देअरफोर प्रॉबेब्ली स्टार्टेड ड्युअरिंग हीट ट्रीटमेंट.' मग, 'द हार्डनेस टेस्ट ऑन थर्सडे विल कन्फर्म ऑर रूल आउट धिस.' उद्या कारण दुसरंच निघालं, तरी यातलं एकही वाक्य खोटं ठरत नाही. तुम्ही मोजलेलं मोजलेलंच राहतं आणि अनुमानाला तुम्ही अनुमानच म्हटलेलं असतं. कठीणपणाची चाचणी झाल्यावर 'प्रॉबेब्ली' काढून टाकायला मात्र विसरू नका. अंतिम अहवालात तो तसाच राहिला, तर ग्राहक विचारेल, मग चाचणी केली कशाला?

डिलिव्हरीच्या तारखेलाही हीच पद्धत लागू पडते. 'प्रॉबेब्ली' लिहिलं की ती शक्यता कशावर टांगलेली आहे हे सांगा: 'इट विल प्रॉबेब्ली अराइव्ह ऑन ट्यूसडे, प्रोव्हायडेड द कन्साइनमेंट क्लिअर्स कस्टम्स बाय फ्रायडे; अदरवाइज ऑन थर्सडे.' नुसत्या 'प्रॉबेब्ली'वर ग्राहकाला आपली असेम्ब्ली लाइन आखता येत नाही, अटीवर येते. 'होपफुली' लिहायचं का, असा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. 'आशा आहे की' या अर्थानं ते चालतं. जुने जाणकार याला नाक मुरडत, पण असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या लेखननियमांनी २०१२ साली त्याला मान्यता दिली. हरकत व्याकरणाची नाहीच. 'होपफुली'तून तुमची इच्छा कळते, शक्यता कळत नाही, आणि ग्राहकाला दुसरीच हवी असते.

राहिली स्पेलिंग. 'डेफिनिटली' आपण बोलताना 'डेफिनेटली' म्हणतो, म्हणून मधे 'ए' घुसतो. खरं स्पेलिंग डी-ई-एफ-आय-एन-आय-टी-ई-एल-वाय. 'डी-ई' नंतर 'फायनाइट' हा पूर्ण शब्द आहे आणि मग 'एल-वाय', असं लक्षात ठेवा. 'ए' जागा चुकवून आधी पडला, तर ऑटोकरेक्ट कधी कधी त्याचं 'डिफायन्टली' करतं, आणि तुम्ही ग्राहकाला कळवता की आम्ही तुमच्या मेलला बेमुर्वतखोरपणे उत्तर देऊ. हा शब्द कॉम्प्युटरला खरा वाटतो, त्यामुळे खाली लाल रेघ येत नाही. पाठवण्याआधी तेवढा एक शब्द डोळ्यांनी वाचा.